सांगून जायचं

"असं हळूच सटकू नका. सांगून जा." दारमावशींनी त्या बापाला दारातच अडवलं.

"अहो, खेळतोय तो. सांगितलं की भोकाड पसरेल."

"पसरू दे. रडणारं मूल शांत करता येतं. फसवलेलं मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. मला माहितीय, त्याच्याशेजारी मीच बसते ना."

बाप ओशाळला. परत आत जाऊन मुलासमोर उकिडवा बसला, कामावर जातो, संध्याकाळी येतो म्हणाला. मुलाने भोकाड पसरलं आणि थोड्या वेळाने ते पुन्हा गाडी फिरवायला लागलं.

पाळणाघरात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. मुलांना घेऊन आलं की दारात त्याच भेटायच्या, म्हणून मुलांनीच त्यांची दारमावशी केली होती. काही आईबाप तरीही निसटत. मग बाहेर कुंपणाच्या भिंतीआड उभे राहून रडं थांबतंय का ते ऐकत. दारमावशी त्यांनाही हटकायच्या, "इथून कान देऊन काय मिळणार? आत या, तोंड दाखवा, मग जा."

गेल्या आठवड्यात त्यांनी ताईला, म्हणजे पाळणाघराच्या मालकिणीला, काम सोडणार असल्याचं सांगितलं होतं. परगावच्या बहिणीची दृष्टी गेली होती, तिच्याकडे राहायला जायचं होतं. महिनाभर आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी दोन महिने आधी सांगितलं. नवी बाई आधी नुसती शेजारी बसेल, मग भरवेल, मग झोपवेल. मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळायला लागली की आपण एकेकाला सांगून निघू, असा त्यांचा बेत होता. मुंगीसाठी तर वेळ हवाच होता. एवढीशी पोर, आईचं बोट सोडायला तिने अख्खा हिवाळा घेतला होता.

"इतकं आधी सांगतं का कुणी?" स्वयंपाकीणबाई तेव्हाच म्हणाली होती. "हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास."

"अगं, ताई माझ्या मांडीवर वाढलीय. तिच्यापासून काय लपवायचं?"

आज नवी बाई कामावर आली होती. जेवणं झाली, मुलं गाद्यांवर आडवी झाली, तेव्हा ताईने दारमावशींना ऑफिसात बोलावलं.

"बसा मावशी. तुम्ही आजच निघा. मुलं झोपलीयत तेवढ्यात."

"आजच?"

"दोन्ही महिन्यांचा पगार देते. तुमचं नुकसान नाही करणार."

"पगाराचं कोण विचारतंय? मी अजून मुलांना सांगितलं नाही."

"तेच नको. तुम्ही एकेकाला सांगणार, मुलं घरी जाऊन सांगणार. मावशी चालल्या म्हटल्यावर अर्धे पालक दुसरं पाळणाघर बघतील. मी कळवीन त्यांना, सावकाश."

दारमावशी तिच्याकडे बघत राहिल्या. ही लहान होती तेव्हा हिची आई इथली मालकीण होती. हिला खेळात गुंतवून ती मागच्या दाराने बाहेरच्या कामाला जायची. मग ही टेबलाखाली, गाद्यांमागे, भांड्यांच्या कपाटातसुद्धा आई शोधायची.

"सांगून जायचा नियम तुझ्यामुळे झाला गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईशी भांडून करून घेतला मी. आठवतं ना?"

"नाही आठवत." ताईच्या आवाजात राग नव्हता. "तेच तर म्हणतेय, मावशी. मुलं विसरतात. मी विसरलेच ना?"

दारमावशी उठल्या. "मुंगीला तेवढं उठवते. तिला एकटीला."

"नको. एक उठलं की सगळी उठतात."

हे वाक्यही त्यांचंच होतं. नव्या बायकांना पहिल्या दिवशी त्या हेच शिकवायच्या.

मुंगी उताणी झोपली होती, तोंड उघडं, एका पायातला मोजा निघालेला. त्यांनी तो चढवला. हात तिच्या पायावर थोडा वेळ ठेवला आणि उचलला.

स्वयंपाकीणबाई त्यांची पिशवी भरून घेऊन उभी होती. "मी म्हटलं नव्हतं..." एवढं बोलून ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "मागचं दार उघडून ठेवलंय. पुढचं करकरतं, असं ताई म्हणाल्या."

कुंपणाला वळसा घालून त्या रस्त्याला लागणार, तोच आतून रडं आलं. कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

"मावशी कुठंय?"

"दुकानात गेलीय हं," नवी बाई म्हणाली. "आत्ता येईल."

दारमावशी भिंतीला लागून उभ्या राहिल्या, कितीतरी आयांना जिथून त्यांनी हटकलं होतं, तिथेच. त्यांना हटकायला दारात कुणी नव्हतं. पिशवीचा बंद हाताला रुतत होता, तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

मग रडं थांबलं. त्यांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी.