मीटिंगची लिपस्टिक

“ओठायले वीट घासल्यासारखं दिसून राह्यलं,” ममता आरशाशी पुटपुटली. मला ऐकू जावं म्हणून नाही. पण माझ्या दुकानात आरसा आणि गल्ला यांच्यामध्ये एकाच माणसाची जागा आहे, आणि त्या जागेत मी उभी होते.

“मैत्रिणीसाठी पाह्यजे म्हणतं ना? मंग तिच्या ओठाले लावून पाहू दे तिले,” मी म्हटलं.

“तिचे ओठ माझ्यासारखेच आहेत, विमलमावशी.”

मी विटेचा रंग परत डबीत ठेवला आणि दुसरा काढला. तो लावल्यावर ती कुल्फी खाऊन आल्यासारखी दिसायला लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी रुमाल शोधला.

बोरी अरबच्या बाजाररस्त्यावर रामसिंगभाऊंच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली आहे. टिकल्या, बांगड्या, पावडरी, रबर, पिना असं बायकांना लागणारं सगळं ठेवते. मोठ्या नावाच्या वस्तू ठेवत नाही, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या ठेवते. खोकं सारखं, रंग सारखा, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं. गिऱ्हाइकाला माहीत असतं, मला माहीत असतं, आणि दोघंही “एकदम ओरिजिनल” म्हणून मोकळे होतो. दुकानाचं मागचं दार रामसिंगभाऊंच्या ओसरीत उघडतं. दुपारचा डबा मी तिथंच बसून खाते.

ममता म्हणजे त्यांची सून, बादलची बायको. फुलसावंगीकडच्या तांड्यातली पोरगी. शिकली, पुण्याच्या कंपनीत लागली आणि लग्नानंतर घरी बसून लॅपटॉपवर तीच नोकरी करू लागली. घरी बसून पुण्याचा पगार ही गोष्ट रुक्माबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, फुलसावंगीपासून मारेगावपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत पोचवली होती. ज्या घरातल्या बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला जातात, त्या घरात ही एक बाई खुर्चीवर बसायची. सकाळी नऊ वाजता ओठ रंगवून, केस नीट करून, वरून कुडता आणि खालून घरातलाच परकर अशी मीटिंगला बसायची. मीटिंग सुरू झाली की मिक्सर बंद, कुकर बंद. कोंबडंसुद्धा टोपलीखाली जायचं.

“बहूची मीटिंग हाय,” रुक्माबाई रस्त्यावरच्या पोरांवर ओरडायच्या, आणि त्यांचा तो आवाज मीटिंगपेक्षा दूर जायचा.

ममताची खरी लिपस्टिक मी पाहिलेली आहे. काळी डबी, झाकण लावलं की ‘टक’ करून बसायचं. रंग धड गुलाबी नाही, धड तपकिरी नाही. गुलकंदाची बरणी उन्हात ठेवून विसरावी तसा. पुण्याच्या मॉलमधून पहिल्या पगारात घेतलेली. संपली की तशीच दुसरी कुरिअरनं यायची, आणि कुरिअरवाला पत्ता विचारायला माझ्या दुकानाशी थांबायचा. गणपती झाले आणि तो थांबेनासा झाला. मग ममताची मैत्रीण उगवली, जिला अगदी ममतासारखीच लिपस्टिक पाहिजे होती, फक्त स्वस्तातली.

तोवर मला नुसता संशय होता. खात्री झाली ती केबल तुटली त्या दिवशी.

रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, त्यात कुठंतरी केबल तुटली आणि सकाळपासून बोरीत नेट नाही. बँकेतली माणसं बाहेर येऊन चहा पीत होती. माझ्या दुकानात लोक मोबाईल वर करून उभे राहायचे आणि शेवटी खिशात हात घालायचे. मी डबा घेऊन मागं गेले तर ओसरीत रामसिंगभाऊ आणि रुक्माबाई बसलेले. बादल मालवाहू गाडी लावून आत आला आणि म्हणाला, “बा, नेट नाई कुठंच. दारव्ह्यापर्यंत नाई.”

आणि पडद्याआडून ममताचा आवाज आला, “यस, यस. शुअर. आज संध्याकाळपर्यंत पाठवते. मी ऐकू येते ना सगळ्यांना?”

आम्हा चौघांना चांगली ऐकू येत होती.

बादलनं बुटाची नाडी सोडायला घेतली, ती सोडतच राहिला. रामसिंगभाऊंनी आढ्याकडे पाहिलं. रुक्माबाई उठल्या, अंगणात गेल्या आणि त्यांनी कोंबडं टोपलीखाली झाकलं. येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मीटिंग चालू हाय.”

त्या दिवसापासून त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि कोणी काही बोलत नाही. बोलायचं कसं? सासऱ्यानं म्हणावं तर ते हिशेब मागितल्यासारखं होईल. सासूनं म्हणावं तर सगळ्या सोयऱ्यांत मिरवलेली सून तिनंच खाली उतरवल्यासारखं होईल. नवऱ्यानं म्हणावं, पण बादल असा माणूस आहे की गाडीचा हॉर्नसुद्धा समोरच्याला वाईट वाटेल म्हणून वाजवत नाही. आणि ममता? ती मला एकदा टिकल्या निवडता निवडता म्हणाली होती, “मावशी, या घरात मला नावानं कमी, ‘नोकरीवाली’ म्हणूनच जास्त बोलावतात.” हसून म्हणाली होती. पण नोकरी गेल्यावर नोकरीवालीचं काय उरतं, हा हिशेब तिचा तिनं रात्रंदिवस केला असणार. म्हणून ती रोज नऊला ओठ रंगवून बंद पडलेल्या नोकरीवर हजर राहत होती.

वीट झाली, कुल्फी झाली. एक रंग चांगला होता तर त्यानं ओठांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या. शेवटी एक जमली. काळीच डबी, झाकण ‘टक’ करत नव्हतं, पण अंगठ्यानं दाबून धरलं तर गप्प बसायचं. खोक्यावर लिहिलं होतं, चोवीस तास टिकणार. त्यात खोटं काही नाही, फक्त कुठं टिकणार ते लिहिलेलं नाही. ओठांवर ती पहिल्या चहाला जाते. पण रंग पाहायला म्हणून मनगटावर पट्टा ओढला तर साबण लावा, राख लावा, ती हलत नाही. एवढा एक दोष सोडला तर लांबून पाहणाऱ्याला गुलकंद वाटायचा. पाहणारं तसंही कोणी नव्हतं.

मग एका सकाळी ती लिपस्टिक मुळापासून तुटली आणि मोरीत पडली. मला कळलं ते रुक्माबाईंच्या आवाजावरून. दार उघडून पाहिलं तर ममता रंग न लावता ओसरीत उभी, हातात वेचणीची ओटी.

“याडी, मी येऊ का आज वेचणीला?” त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, ती सासूलाही याडीच म्हणते.

रुक्माबाईंनी तिच्या हातातून ओटी जवळजवळ हिसकली. “कायले? तुही मीटिंग असन. पाह्य नीट मोबाईलमंदी.”

“आज नसेल बहुतेक.”

“असन, असन. तू बस खुर्चीवर. मी चहा आणतो.”

आमच्याकडच्या बाया ‘आणतो, करतो’ असंच म्हणतात. चहा आणतो म्हणाल्या आणि सरळ मागच्या दारानं माझ्या दुकानात आल्या. पदरातून तुटकी डबी काढली. मोरीतून काढून धुतलेली होती.

“अशीच दे.”

“कोणासाठी?”

“माह्यासाठी. काहून? म्या लावू नाई का?”

मी डब्या काढल्या. रुक्माबाईंच्या मनगटावर हिरवं गोंदण आहे. त्या गोंदणाच्या शेजारी मी पट्टे ओढत गेले, आणि त्या प्रत्येक पट्ट्याला नाक मुरडत गेल्या. “हे तं पान खाल्ल्यावानी. हे तं मेलेल्यावानी.” शेवटी एक पसंत पडला. डबी घेतली आणि परत माझ्याच हातात दिली. “तूच दे तिले. स्कीममंदी भेटली म्हण.” आणि जाता जाता, “माह्यं नाव नको घेऊ. मले काय करायची लिपस्टिक?”

त्या गेल्या आणि पुढच्या दारानं रामसिंगभाऊ आले. मागचं दार असताना पूर्ण घराला वळसा घालून आले, म्हणजे आपण गिऱ्हाईक आहोत हे मला पटावं. इकडं तिकडं पाहिलं, दुकानात कोणी नाही याची खात्री केली, आणि सुई टोचून घ्यायला करतात तशी बाही वर करून हात पुढं केला.

“भाचीसाठी पाह्यजे. ते... ओठाचं.”

“रंग कोणता, भाऊ?”

“बहू लावते तसा. भाचीले तसाच आवडते.”

मी पट्टा ओढला. ते हात दारापर्यंत घेऊन गेले, उजेडात धरला, डोळे बारीक केले. बाजार समितीत व्यापारी कापूस चिमटीत ओढून धागा पाहतो ना, तशी तोंडावर काही न दाखवता पारख चालली होती. “ओल जास्त हाय यात,” म्हणाले. दुसरा पट्टा. “हा भुरका.” तिसऱ्याला मान हलवली. आणि डबी परत माझ्याकडे देत म्हणाले, “भाची लांब राह्यते. तुम्हीच... म्हणजे बहूले देऊन टाका. तिच्यापाशी राहीन.”

बादल आला तेव्हा मी त्याला विचारलंच नाही. त्यानं मनगट पुढं केलं, मी पट्टे ओढले, त्यानं बोट ठेवलं. “मावशी,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “व्हय, स्कीममंदी भेटली म्हणतो मी.” त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि हातावरचे पट्टे पँटला पुसायला लागला. ते जाणार नव्हते. मी सांगितलं नाही.

दुपारी डबा घेऊन मागं गेले. सगळे ओसरीत बसलेले. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. ममता वाढत होती. मी तीनही डब्या तिच्या हातात ठेवल्या.

“हे काय, मावशी?”

“स्कीम निघाली कंपनीची. एकावर दोन फुकट.”

“पण मी तर एकही घेतली नाही.”

असं काही विचारलं जाईल याचा मी विचारच केला नव्हता. “म्हणूनच तं,” मी म्हटलं आणि घाईघाईनं भाकरीचा घास तोंडात कोंबला.

ममतानं डब्या पाहिल्या. तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या वेळी निवडलेला एकच रंग होता. ती वाढायला वाकली. रामसिंगभाऊंनी भाकरीसाठी हात पुढं केला आणि बाही वर गेली.

तिचा हात थांबला. रामसिंगभाऊंनीही पाहिलं, आपल्या हाताकडे, परक्याचा असल्यासारखं.

“बैलाच्या शिंगाचा रंग हाय,” ते म्हणाले.

“पोळा होऊन महिने झाले, आता कुठला शिंगाचा रंग?” रुक्माबाई सवयीनं म्हणून गेल्या. नवऱ्याला खोडून काढायची इतक्या वर्षांची सवय. मग त्यांच्या लक्षात आलं. “नाई, राह्यला असन. जात नाई तो रंग लवकर.”

हे म्हणताना त्यांनी ठेच्याची वाटी उचलली, आणि गोंदणाच्या बाजूला गुलकंदाची ओळ दिसली.

“बीट किसलं म्या सकाळी,” त्या म्हणाल्या.

ताटांत वांगं होतं. सगळ्यांनी वांग्याकडे पाहिलं.

बादलनं डावा हात मांडीखाली घेतला होता, पण पाण्याचा तांब्या तिकडच्याच बाजूला होता. बराच वेळ तो तहानलेला बसला. मग ठसका लागला. तांब्या उचलला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत सगळ्यांचं बघून झालं.

“गाडीत रंगाचे डबे होते,” तो तांब्याला म्हणाला.

मीसुद्धा माझा हात पदराखाली घेतला. उगाच. माझ्या हातावर रोजच पट्टे असतात.

ममता उभीच होती. एका हातात भाकरीचं टोपलं, दुसऱ्या हातात तीन डब्या. एकेका मनगटाकडे पाहत होती. तिचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. हसू येतंय की रडू, हे ठरायच्या आधी माणूस जसा दिसतो तसा.

रुक्माबाईंना ते सहन झालं नाही. “उभी काहून राह्यली? बस, जेव लवकर,” त्या म्हणाल्या. “दोन वाजता तुही मीटिंग असन ना.”

“व्हय व्हय,” रामसिंगभाऊ लगेच म्हणाले. “मी खोलीतला पंखा लावून देतो.”

“नेट एकदम फास्ट हाय आज,” बादल म्हणाला.

तिघांनी मिळून तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. तिनं फक्त आत जायचं, पडदा ओढायचा आणि खुर्चीवर बसायचं. मी मनात म्हटलं, जा बाई, जा.

ममता खाली बसली. सासूच्या समोर, मांडी घालून. डब्या तिनं जमिनीवर ठेवल्या.

“मीटिंग नाई, याडी,” ती म्हणाली. “माही नोकरी गेली.”