पाचवे तोंड

मित्रांनो, आठ तोंडांची मी एक जुनी पिपेट आहे. थेंब मोजून उचलायचा आणि मोजूनच सोडायचा, एवढेच माझे काम. पण एका दमात आठ थेंब! नवी होते तेव्हा त्याचा मला भारी तोरा होता.

आमच्या प्रयोगशाळेत माकडांच्या रक्तातली सुजेची प्रथिने मोजतात. प्लेटवर खळग्यांच्या आठ ओळी असतात, माझ्या एकेका तोंडासाठी एकेक. रंग जितका गडद, तितकी सूज जास्त. प्रत्येक माकडाची ओळ ठरलेली. पाचवी ओळ आजीबाईची, म्हणजे सर्वांत म्हाताऱ्या माकडिणीची. तिच्या सांध्यांवर औषध चालू होते.

मला हाताळणाऱ्या संशोधक ताई आधी दरवर्षी माझी तपासणी करून घेत. पुढे कामाच्या धबडग्यात ते राहून गेले. माझ्या पाचव्या तोंडातली रबरी कडी झिजली आणि तिथला थेंब कमी भरू लागला. मला कळत होते, पण सांगू कशी? आजीबाईची ओळ फिकी पडत गेली आणि ताई खूश!

"काका, आजीबाईची सूज उतरली. सोमवारपासून औषध बंद."

माकडांची देखभाल करणारे काका दारातच थबकले. "उतरली कुठली, ताई? काल केळं धरता येईना तिला. मीच भरवलं."

"पण आकडे तर चक्क खाली आलेत."

सोमवार दोन दिवसांवर होता.

काका घुटमळले. "मला यातलं काही कळत नाही. पण एखादं माकड जेवेनासं झालं, की मी आधी पिंजरा बदलून बघतो. तुम्ही हिची ओळ बदलून बघा ना."

ताई हसल्या, पण त्यांनी ओळ बदलली. दुसऱ्या ओळीत आजीबाईचा रंग गडद उमटला! मग त्यांनी माझ्यात साधे पाणी ओढले. सात नळ्यांत पाणी एका रेषेत, पाचवीत खाली.

"काका, औषध चालूच ठेवा. चूक माझी होती."

आता मी 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून खणात पडून आहे. ताई राखून ठेवलेले जुने रक्ताचे नमुने दुसऱ्या पिपेटने पुन्हा मोजत आहेत, आणि प्रत्येक नमुन्यागणिक मला धडकी भरते. मित्रांनो, मला टाकू नका असे मी म्हणत नाही. पण जिच्या भरवशावर कुणाचे औषध ठरते, तिला वेळच्या वेळी तपासा. आजीबाईला बोलता येत नव्हते आणि मलाही. तिच्याकडे बघणारे काका तरी होते.