आधी हस

कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये तिला सगळे हसरी म्हणत. सहा महिने बिनबोभाट काम केल्यावर हसरीने पहिली मोठी चूक केली. एका आजोबांची खालची कवळी तिने दुसऱ्याच कुणाच्या साच्यावर बनवली, आणि आजोबांचं तोंड मिटेना. दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तसं मालकाने तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. आणि ती हसली.

गालातल्या गालात नाही, चांगली बत्तिशी दाखवून. मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दात काढू नकोस," तो म्हणाला. "उद्या सरळ तोंडाने माफी मागता आली तर ये. नाहीतर येऊच नकोस."

त्यावर ती आणखीच हसली. ती ओठ मिटू बघत होती, पण तोंड काही ऐकेना.

ऐकणार कसं? आईने त्याला वीस वर्षं वळण लावलं होतं. गुडघा फुटला की आई मलमाची डबी हातात धरून उभी: आधी हस, मग लावते. नापास झाली, तर आधी हस, मग जेवायला बस. रडक्या पोरी कुणाला आवडत नाहीत म्हणे. लोकांना केवढं कौतुक, काय हसरी मुलगी आहे! डोंबलाची हसरी. बाप गेला त्या दिवशी भेटायला आलेल्यांसमोरही ती हसत होती, आणि आईने त्यांच्यादेखत तिची पाठ थोपटली होती.

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. नोकरी जायची वेळ आली होती, आणि राग मालकाचा नव्हताच. आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. सगळं ऐकून म्हणाली, "एवढंच ना? आधी हस बघू."

"नाही हसणार. मला रडायचं होतं, आई. दर वेळी. तू माझं तोंड बिघडवून ठेवलंस, आता मलाच ते सरळ करता येत नाही."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. नाक वाहायला लागलं, तेही तिने पुसलं नाही. उद्या मालकासमोर असंच रडू आलं तरी बेहत्तर, पण जाऊन चूक कबूल करायची, हे तिने तिथेच ठरवलं.

आईचा ताट पुसणारा हात थांबला. तिचे ओठ ताणले गेले, दात दिसले, हनुवटी मात्र थरथरत होती. हसरीने ते हसू ओळखलं. तिला आईची दया यायला हवी होती, पण आधी संतापच आला.

"दात काढू नकोस, आई," ती म्हणाली. "रड."