न जुळलेलं उत्तर

वेधशाळेच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या होत्या. गटप्रमुख बाईंनी आपल्या वडिलांना, अण्णांना मात्र आवर्जून पुढे बसवलं होतं. ते निवृत्त गणित शिक्षक. उत्तर जुळलं नाही की सगळं गणित खोडायचे. लेकीलाही सूट नव्हती.

विश्व किती वेगाने पसरतंय, हे बाईंच्या गटाने ताऱ्यांच्या उजेडावरून मोजलं होतं. त्यांची एक रीत होती. मोजमापात संगणक एक गुप्त आकडा मिसळत असे, म्हणजे हव्या त्या उत्तराकडे कुणी आकडेमोड वळवू नये. पद्धत सगळ्यांनी मान्य केली की तो आकडा सर्वांसमोर काढून टाकायचा. त्यानंतर कशालाही हात लावायचा नाही.

बाईंनी कळ दाबली. पडद्यावर उत्तर आलं. सिद्धांत जे उत्तर देत होता, त्याच्या हे जवळपासही नव्हतं.

“बोंबललं,” उपप्रमुख पुटपुटला. “आता जो तो म्हणणार, यांची दुर्बीणच वाकडी.” मग तो बाईंच्या कानाशी लागला. “ते धुळीआडचे तारे गाळू या का? तसेही मेले त्रासच देतात. गाळले तर बसेल सगळं.”

“कालपर्यंत तुझे लाडके होते. उत्तर आवडलं नाही म्हणून लगेच सावत्र झाले?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना हसू आलं नाही. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. उत्तर जुळतं, तर जन्मभराच्या कामावर शिक्का बसला असता. आता एक तर त्यांचं मोजमाप चुकलं होतं, नाहीतर सिद्धांतातच काहीतरी निसटलं होतं. कोणतं, ते ठरवायला तितकी अचूक तिसरी मोजपट्टी जगात कुणाकडेच नव्हती.

“चूक कुठे राहिली?” अण्णांनी विचारलं.

“गुप्त आकडा काढायच्या आधी तेच शोधत होतो, अण्णा. नाही सापडली.”

“मग गणितात असेल.”

“गणित चोख आहे. पण विश्वाने आपल्या गणिताचं ऐकलंच पाहिजे, असं थोडंच आहे?”

अण्णांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. बाईंनी कीबोर्ड ओढला आणि शोधनिबंधाचं शेवटचं वाक्य सर्वांसमोर लिहिलं: ‘हा फरक का पडतो, ते आम्हाला माहीत नाही.’

“निदान ‘सध्या तरी’ घाला,” उपप्रमुख काकुळतीला आला.

“कशाला लाजायचं? जिथवर मोजता येतं तिथवर आपण येऊन पोचलोय.” बाई ताठ उभ्या राहिल्या. “ज्याला निबंधातून आपलं नाव काढून घ्यायचंय, त्याने आत्ता सांगावं.”

कुणी हललं नाही. उपप्रमुखाने सुस्कारा सोडला. “माझं राहू द्या. शिव्या वाटून खाऊ.”

बाईंनी निबंध पाठवून दिला. बाहेर व्हरांड्यात अण्णा धाकट्या भावाशी फोनवर बोलत होते, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

“नाही रे, जुळलं नाही! कारण? कुणालाच माहीत नाही. हसतोस काय? माणसाला कुठून पुढे कळत नाही, ती जागा आमच्या पोरीने मोजून दाखवलीय. ठेव आता, मला अजून बऱ्याच जणांना सांगायचंय.”