घड्याळ कुणी पुढे केलं?

शाळा सुरू व्हायचा आठवडा म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखा. फरक एवढाच, की लग्नात निदान मदतीला चार माणसं तरी येतात. इथे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. नोकरी सांभाळून वह्यांना कव्हरं तिने घालायची, बूट तिने आणायचे, ते लहान झाले की बदलूनही तिनेच आणायचे, आणि पाण्याची बाटली गळते हेसुद्धा फक्त तिलाच दिसायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. गावभरच्या लिफ्ट वर-खाली पळवायचा, पण घरातली खुर्ची सरकवायची म्हटली की याची कंबर धरायची. सासूबाई मदत करायच्या, नाही असं नाही; पण तोंडाने.

त्यात लेकीची, म्हणजे ठकीची, शाळा यंदा नवी. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना बजावून सांगितलं होतं, "आठची घंटा झाली की फाटक बंद. उशिरा आलेल्या मुलाला आल्या पावली घरी न्यायचं. पहिल्या दिवशीसुद्धा!" हे घर आजवर कुठे वेळेवर पोचलंय? सिनेमाला जावं तर मध्यंतर झालेलं, लग्नाला जावं तर नवरा-नवरी घरी निघालेली.

आणि हा उशीर कुणामुळे? तर ठकीमुळे. हे तिचं ठाम मत. पोरगी एक मोजा पायात नि दुसरा हातात घेऊन खिडकीबाहेर बघत बसायची. "आवर गं बाई, आवर!" असं कानीकपाळी ओरडून तिचा घसा बसायचा, पण पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून आदल्या संध्याकाळी, कुणी नाहीसं बघून, ती स्टुलावर चढली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने गपचूप पाव तास पुढे केलं. घरात तेच एक घड्याळ. फोन म्हणाल, तर नवऱ्याने नवा नियम काढला होता: शाळेचा पहिला आठवडा सकाळी सगळ्यांचे फोन बंद करून कपाटात. नियम काढायला याला सांगा, जन्मभर काढत बसेल. पण हा नियम तिलाही पटला होता.

सकाळी सासूबाईंची हाक आली, "अगं सूनबाई, ऊठ! घड्याळ बघ जरा!" तिने बघितलं आणि तोंडचं पाणीच पळालं. आपला पाव तास हाताशी आहे, एवढाच काय तो जिवाला आधार. तो पाव तास नवऱ्याने आंघोळीत खाल्ला. मग सासूबाईंनी ऐन वेळी जाहीर केलं, की नातीचा पहिला दिवस आहे, मीसुद्धा येणार. आणि त्यांच्या दुसऱ्या पायाची चप्पल शोधायला अख्खं घर पलंगाखाली शिरलं. ठकी मात्र, काय आश्चर्य, बूट घालून, दप्तर लावून दारात उभी.

"आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?" असं म्हणत तिने कुलूप लावलं आणि सगळे धावत सुटले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. किराणावाल्याचं शटर खाली, बेकरीचं खाली. "बघा, बघा," ती धापा टाकत म्हणाली, "लोक किती आळशी झालेत!" सासूबाईंनी मान डोलावली.

शाळेचं फाटक बंद होतं. आतून कडी.

"संपलं!" ती मटकन कट्ट्यावर बसली आणि दुसऱ्याच क्षणी ठकीवर उसळली. "झालं तुझं समाधान? वर्षभर तुझा तो मोजा, तुझी ती खिडकी! तुझ्यापायी रोज उशीर, आणि आज पहिल्याच दिवशी नाक कापलंस आमचं!"

ठकी बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली.

आतून झाडू हातात घेऊन वॉचमन आला. तिने गजातून हात जोडले. "दादा, एवढ्या वेळेला घ्या हो पोरीला आत. पुन्हा नाही होणार असं."

"अहो ताई, घेईन की. पण अजून उघडलंच नाही. सातसुद्धा वाजले नाहीत."

तिने नवऱ्याकडे बघितलं. याचा चेहरा आधीच पडला होता.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "फक्त दहाच केलं होतं मी. तुझी धावपळ नको म्हणून."

"अहो, मी पाव तास केलं होतं!"

"पाव तास मीही केलं," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा काय भरवसा! माझ्या गुडघ्यांसकट चढले स्टुलावर."

"धन्य आहे!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "एका घरात तीन शहाणे, आणि एकाने दुसऱ्याला सांगायचं नाही!" तिला हसावं की रडावं कळेना.

नवरा बोटांवर हिशेब करत होता. "पण मग चाळीसच होतात गं. आपण तर चांगले तासभर आधी आलोय."

"बाकीचं मी केलं," ठकी म्हणाली.

"तू? कशाला गं?"

ठकीने आधी आजीकडे बघितलं, मग मातीकडे. "जुन्या शाळेत उशीर झाला की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. पहिला तास संपेपर्यंत. मी कायम बाहेरच असायचे. बाहेरून ऐकू येतं सगळं. फक्त फळा दिसत नाही."

नवऱ्याची बोटं हवेतच राहिली. सासूबाई पुटपुटल्या, "अगं बाई गं." तिच्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीच्या सकाळी आल्या: नवऱ्याची न संपणारी आंघोळ, सासूबाईंचा दुसरा चहा, आणि स्वतःचं ते "थांब, एकच फोन करते." पोरगी मोजा हातात धरून बसायची, कारण निघायला कुणीच तयार नसायचं. आणि शिव्या कोण खायचं? तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ठकीच्या तोंडाकडे बघवेना.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगणार होते," ठकी म्हणाली. "पण तू घाईत असायचीस."

तिने पोरीला ओढून मिठीत घेतलं. दप्तरासकट. नवरा उगीचच फाटकाची कडी न्याहाळू लागला, जणू तीही त्यालाच दुरुस्त करायची होती. हळूहळू पलीकडची दुकानं उघडली, मुलं जमायला लागली, आणि वॉचमनने फाटक उघडलं.

"आई, सोड ना आता," ठकी मिठीतून सुटत म्हणाली. "तू जा. तुला कामावर उशीर होईल."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि तिथेच कट्ट्यावर बसून राहिली.