कडेवरची मोजायची नाहीत

दवाखान्यासमोरचा रस्ता गेल्या वर्षी रुंद झाला तेव्हा आमच्या वस्तीत सगळ्यांना आनंद झाला होता. दोन पदरांचे चार पदर झाले, खड्डे गेले, मधे दुभाजक आला. रस्ता गाड्यांसाठी सुधारलाय, आपल्यासाठी नाही, हे कळायला महिनाभर गेला. वस्ती अलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि मधून गाड्या अशा सुटायच्या की जणू मागे आग लागलीय.

"खड्डे होते तोवर ड्रायव्हरला देव आठवायचा," माझी थोरली जाऊ म्हणायची. "आता आपल्याला आठवतो."

जाऊबाई त्याच दवाखान्यात मदतनीस. दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडायच्या, कडेवर तीन वर्षांची भिंगरी. पोरीचं खरं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी उभी राहिलेली अजून कुणी पाहिलेली नाही. थंडीत कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना मोटरसायकलनं उडवलं. त्यांचा खुबा मोडला. त्या दिवसापासून जाऊबाईंनी ध्यास घेतला, इथे सिग्नल पाहिजे. दवाखान्यातल्या सिस्टरनी अर्ज लिहून दिला आणि जाऊबाई सह्या घेत दारोदार फिरल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा घेतला, जे अंगठाही देईनात त्यांच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.

सहा महिन्यांनी रस्ते खात्याचे साहेब आले. कमरेला कायम मोजपट्टीची फीत, म्हणून वस्तीनं त्यांचं नाव ठेवलं फीतवाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियम सरळ सांगितला. सकाळी आठ ते बारा, चार तासांत चारशे माणसं पायी रस्ता ओलांडताना दिसली तर सिग्नल बसेल. एक जरी कमी भरलं तरी नाही.

"मोजणी एकदा झाली की पुन्हा तीन वर्षांनी," ते म्हणाले. "दिवस कोणता धरायचा ते तुम्ही सांगा."

"बुधवार," सिस्टर तत्काळ म्हणाल्या.

बुधवारी लसीकरण असतं. त्या दिवशी दवाखान्यात मुंगीलाही वाट मिळत नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे बघून हळूच डोळा बारीक केला. आम्हाला वाटलं, बाजी मारली.

मोजायला दोन माणसं लागणार होती, रस्त्याच्या दोन बाजूंना एकेक. शेवटी दोघांचे आकडे जुळायला हवेत. पलीकडे खात्याचा माणूस बसणार होता. अलीकडच्या बाजूसाठी जाऊबाईंनी मला पुढे केलं. "आमची धाकटी आकड्यांत पक्की आहे, साहेब. घरात वाटाणे सोलले तरी मोजून ठेवते."

मला हे काम हवं होतं. मुलगी नऊ महिन्यांची झाली होती आणि त्या नऊ महिन्यांत घराबाहेरच्या कुणी मला काही विचारलं असेल तर ते एवढंच, बाळ रात्री झोपतं का.

बुधवारी पावणेआठला मी स्टुलावर बसले. गुडघ्यावर पाटी, पाटीला चिमट्यानं लावलेला कागद, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. एक माणूस गेला की एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. फीतवाले जायला निघाले, मग काहीतरी आठवून मागे वळले.

"आणि हो, ताई. कडेवरची मोजायची नाहीत."

"कडेवरची म्हणजे?"

"लहान मुलं. कुणी उचलून घेतलेलं असेल तर ते धरायचं नाही. पायी ओलांडणारा तोच पादचारी. स्वतःच्या पायानं चालला तर दोन वर्षांचासुद्धा धरा."

"साहेब, आज लसीकरण आहे. सगळी कडेवरचीच येणार."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरून वाटलं, हे त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं असावं. "दिवस तुम्हीच निवडलात," ते म्हणाले आणि पलीकडच्या माणसाला हेच सांगायला निघून गेले.

आठ वाजले आणि माणसं यायला लागली. मला सगळ्या ओळखीच्या. जुळ्यांची आई, एक पुढे बांधलेलं, एक काखेत. मी एक रेघ ओढली. तिच्या मागून तिची सासू, तिच्या खांद्यावर तिसरं. दुसरी रेघ. माणसं पाच गेली, कागदावर दोन. बायका दुभाजकापर्यंत धावायच्या, तिथे वीतभर जागेत पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि पुन्हा धावायच्या. मुलांची तोंडं आयांच्या खांद्यांवरून मागे, माझ्याकडे. एवढी टकामका बघणारी तोंडं, आणि माझ्या पेन्सिलीला त्यातलं एकही दिसायचं नाही. मी मग कागदाच्या पाठीवर एक वेगळी ओळ सुरू केली. तिथे कडेवरच्यांसाठी छोट्या रेघा मारू लागले. कशासाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

वस्तीतले रिटायर मास्तर छत्री घेऊन चौथ्यांदा गेले. "मास्तर, हे काय?"

"तू लिही. मी व्यायाम करतोय."

पण दहा वाजता फीतवाले येऊन त्यांना म्हणाले, "काका, तुमचं पलीकडे काही हरवलंय का? मी तुम्हाला एकदाच धरणार." मास्तरांच्या बाकीच्या रेघा मला खोडाव्या लागल्या.

सव्वादहाला माझ्या छातीत दूध दाटून आलं, तेवढ्यात सासूबाई बाळाला पाजायला घेऊन आल्याच. आमच्या बाजूनंच आल्या, पण बाळ पिऊन झाल्यावर त्यांना पलीकडे जायचं होतं, बाळाचीही लस होती. बाळानं आजीच्या खांद्यावरून हात पुढे केला, तिला माझी पेन्सिल हवी होती. मी दोघींना रस्त्यात उतरताना पाहिलं, दोघी दुभाजकावर पोचेपर्यंत श्वास धरून ठेवला आणि मग एक रेघ ओढली. एकच. माझ्या हातानं माझीच मुलगी वगळली.

साडेदहाला जाऊबाई दवाखान्यातून धावत आल्या, भिंगरीला घेऊन. "किती झाले?"

"दोनशे चार."

त्यांनी मनात हिशेब मांडला. त्यांचे ओठ हलताना दिसले. सगळ्यात गर्दीची वेळ संपत आली होती. "असं कसं? तिकडे बसायला जागा नाही गं."

मी त्यांना नियम सांगितला.  त्यांनी भिंगरीला कडेवरून खाली उतरवलं, तिचा फ्रॉक सारखा केला.

"मग चालवू की. पाय दिलेत देवानं."

"जाऊबाई, नको."

"अगं, हात धरून नेणार आहे. सोडणार थोडीच आहे." आणि कडेला थांबलेल्या बायकांकडे वळून त्या म्हणाल्या, "ए बायांनो, ज्यांची पोरं उभी राहतात त्यांनी खाली उतरवा. चालवत न्या. चालतील तेवढीच मोजतायत. सिग्नल पाहिजे ना?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं उतरवलं, मग दुसरीनं. जाऊबाईंचा शब्द वस्तीत मोडत नाहीत. मी पेन्सिल घट्ट धरली. मला नाही म्हणायला हवं होतं, पण रेघा भराभर वाढायला लागल्या होत्या. दोनशे तीस. दोनशे पंचावन्न. डुगडुगत चालणाऱ्या प्रत्येक पोराला एक रेघ, मोठ्या माणसाएवढीच उंच. खोटं कशाला सांगू, मला आनंद होत होता. अकराला पाच मिनिटं कमी असताना दोनशे नव्वद झाले. पलीकडचा माणूसही मान खाली घालून सारखा लिहीत होता.

जाऊबाई एका हातानं भिंगरीला धरून, बायकांची पोरं पलीकडे पोचवायच्या तिसऱ्या खेपेला निघाल्या होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी शेजारणीच्या मुलालाही धरलं होतं. पहिल्या पदरातून गेल्या. दुसऱ्या पदरात भिंगरीची चप्पल निघाली. जाऊबाईंना वाटलं पोर मागून येतेय, पण पोरीनं हात सोडवून घेतला होता आणि ती रस्त्यावर उकिडवी बसून चपलेचा पट्टा ओढत होती.

डांबराची खडी भरलेला डंपर होता, खात्याच्याच कामावरचा. ब्रेकचा आवाज एवढा लांबला की संपेचना. मी पाटी टाकून धावले होते, ते मला नंतर कळलं. डंपर थांबला तेव्हा त्याच्या पुढच्या चाकात आणि भिंगरीत आपण घरात पाट मांडतो तेवढं अंतर होतं. भिंगरी म्हणाली, "काकू, पट्टा तुटला." मी तिला उचललं. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं शिवी दिली नाही, टायरला टेकून खाली बसला.

मी रस्त्याच्या मधूनच ओरडले, "उचला. सगळी पोरं उचला. एकालाही खाली ठेवू नका." अलीकडे ओरडले, पलीकडे ओरडले. त्यानंतरचा तासभर मी एका हातात पाटी धरून कडेला उभीच राहिले, आणि जी जी आई पोराला चालवायला बघेल तिला आधी उचलायला लावलं आणि मग रेघ ओढली. एक.

बारा वाजता दोन्ही कागद जुळले. तीनशे त्र्याऐंशी.

फीतवाल्यांनी दोनदा बेरीज केली. मी कागद उलटा करून पाठीमागच्या रेघा दाखवल्या. "हे कडेवरचे. एकशे एकोणसाठ. कुठेतरी लिहा."

"रकाना नाही, ताई."

"आणि भिंगरीचं झालं ते? तुम्ही पाहिलंत ना?"

त्यांनी फीत कमरेवरून काढली, हातात गुंडाळली, पुन्हा सोडली. "अपघाताला रकाना आहे. होता होता राहिला, त्याला नाही."

त्यांना हे बोलताना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

घरी त्या दिवशी जाऊबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंगरीला त्यांनी दिवसभर मांडीवरून उतरवलं नाही. पोर कंटाळून किंचाळली तरी नाही. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू पोरीला उचललंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"जाऊबाई..."

"मला बोलू दे. पण त्यानंतर तू अख्खा तास बायकांना ओरडत राहिलीस. डंपर तर गेला होता. बाकीच्यांनी हात घट्ट धरले असते. सतराच कमी पडले गं. सतरा पोरं."

"त्यातलं एक कुणाचं असतं?"

"ते मलाही कळतं." त्यांनी पातेलं उपडं घातलं. "कळतं म्हणूनच तुझ्यावर धड रागावताही येत नाही. त्याचाच जास्त राग येतो."

वस्तीत मात्र लोकांना रागवायला अडचण नव्हती. नळावर एकजण दुसरीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, खात्याची पाटी हातात आली की माणूस खात्याचा होतो. मास्तर म्हणाले, "तू बरोबर केलंस," पण इतक्या हळू की त्याची साक्ष कुणाला काढता येऊ नये. शिंपीणबाईंनी काठी टेकत येऊन मला विचारलं, "त्या शेवटच्या तासात चालवली असती तर भरले असते का?" मी म्हटलं, भरले असते. मोजलेलं खोटं कसं सांगणार. त्या मान हलवत गेल्या.

दीड महिन्यानं पत्र आलं. सिस्टरनी आम्हा दोघींना बोलावून वाचून दाखवलं. पादचाऱ्यांची संख्या निकषापेक्षा कमी आढळल्यानं सिग्नलची मागणी मान्य करता येत नाही. तथापि, मोजणीच्या वेळी लहान मुलं वाहनांच्या मार्गात येत असल्याचं निदर्शनास आल्यानं, वाहतूक सुधारणेच्या कामात दुभाजकावर लोखंडी जाळी बसवण्यात येईल. नागरिकांनी पुढच्या चौकातून वळसा घेऊन ओलांडावं.

"म्हणजे भिंगरीचं लिहिलं तर त्यांनी," जाऊबाई म्हणाल्या.

जाळी आठवड्याभरात आली. सिग्नलच्या नकाराला जेवढे महिने लागले तेवढे दिवसही जाळीला लागले नाहीत. कंबरेच्या वर उंच, हिरवा रंग, वास जाता जात नव्हता. चौक पाऊण किलोमीटर. जायला पाऊण, यायला पाऊण. बायका तेवढं चालणार नव्हत्या. तिसऱ्याच दिवशी, बुधवारी, मी बाळाला घेऊन दवाखान्याच्या बाजूला कडेला उभी होते, तेव्हा जुळ्यांची आई जाळीवरून पाय टाकून पलीकडे उतरली आणि तिच्या सासूनं एकेक पोर वरून तिच्या हातात दिलं. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. दोन पोरं हातात दिली, तिसरं द्यायचं होतं.

सिस्टर दारातून हे बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "पुन्हा मोजणी कधी घेतात गं?"

"तीन वर्षांनी."

"तोवर ही सगळी चालायला लागतील," त्या म्हणाल्या. "तेव्हा भरेल."

मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चौकाच्या दिशेनं चालायला लागले. मागून जाऊबाईंनी हाक मारली, त्या थेट जाळीवरून येत होत्या, भिंगरी गळ्याला घट्ट. मी थांबले नाही, कारण थांबून पाहिलं असतं तर मी पुन्हा ओरडले असते, आणि आता ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पोरं तर सगळ्यांनी उचललेलीच होती.