डावा पीळ

आईचं आणि मावशीचं येणंजाणं बंद झालं ते स्नायूतल्या एका धाग्यापायी. हा धागा इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाही. त्यासाठी खोली अडवून बसणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आमच्याकडे त्याशिवाय दोन साडूही लागले.

बाबा आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एकाच संस्थेत समोरासमोरच्या खोल्यांत काम करायचे. मण्यांच्या दोन माळा एकमेकींभोवती वळाव्यात तसा तो धागा. त्यावर एका अंगाने धातूची वाफ धरली की फोटोत पीळ दिसायचा. बाबांना दिसायचा डावा, काकांना उजवा. एकदा भर सभेत काकांनी बाबांच्या फोटोंना ‘अंधारखोलीतली कलाकुसर’ म्हटलं. तेव्हापासून घरात काकांचा विषय निघाला की बाबा भरल्या ताटावरून उठायचे.

आईला त्या पिळाशी काही देणंघेणं नव्हतं. पण नवऱ्याचा अपमान करणाऱ्याच्या घराची पायरी चढायची कशी, म्हणून ती गेली नाही. आणि मावशीने आपल्या नवऱ्याचा मान राखायचा म्हणून बोलावलं नाही. अशात मावशीच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. त्या काळी पेशंट टेबलावरून उठेलच, असं डॉक्टरही म्हणत नसत. आई ओट्यापाशी एकच पातेलं घासत उभी राहायची.

मी तेव्हा बाबांच्या अंधारखोलीत फोटो छापायची. फोटो काचेवर उतरायचे. काचेची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर रसायनाचा थर, आणि चित्र त्या थरात. काच उलटी धरून छापली तर आरशातल्यासारखा डाव्याचा उजवा होतो. म्हणून कोपऱ्यात क्रमांक घालायचा. तो नीट वाचता आला की काच सरळ. एके दिवशी काकांची एक काच चुकून आमच्या मांडणीत आली. बोट फिरवलं, तर त्यांचा क्रमांक थरावर सुईने कोरलेला. आमचे सगळे क्रमांक पाठीमागे, गुळगुळीत बाजूला, शाईने.

“बाबा, तुम्ही क्रमांक मागे का घालता?”

“मग काय चित्रावर ओरखडा काढू? तुझ्या काकांसारखा खाटीक नाही मी.”

“पण मागचा क्रमांक सरळ वाचता येतो तेव्हा थरातलं चित्र उलटं असतं. म्हणजे आपण सगळे फोटो उलटे छापतोय.”

बाबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

“म्हणजे तो बरोबर?”

“हो.”

“इतकी वर्षं?”

बाबा हट्टी होते, लबाड नव्हते. घरी येऊन आईला म्हणाले, “चल, तुझ्या बहिणीकडे. मला एकदाचं हरून येऊ दे.” आई ओल्या हातांनीच दाराशी जाऊन उभी राहिली.

तिथे पोचताच दोघी बहिणी आत गेल्या आणि दार लागलं. बाबांनी काचा टेबलावर मांडून सगळं कबूल केलं. मला वाटलं, काका उड्या मारतील. त्यांचा चेहराच उतरला. इतक्या वर्षांचा शत्रू असा आयता शरण आला, तर माणसाने दिवसभर करायचं काय?

“साडूभाऊ, एवढं घाईने मान्य करू नका,” ते म्हणाले. “सूक्ष्मदर्शकात धागे ज्या जाळीवर ठेवतो ती जाळीच मी उलटी बसवली असेल तर?”

“तुम्ही? शक्यच नाही.”

“का नाही? मग तुमचाच पीळ खरा ठरतो. डावा!”

“काहीतरीच काय! उजवाच आहे तो.”

“तुम्ही कोण मला सांगणार? उजवा शोधला कोणी?”

बघता बघता बाबा उजव्यासाठी आणि काका डाव्यासाठी भांडू लागले. आवाज तेच, हातवारे तेच, टेबलावर आपटायची मूठसुद्धा तीच. शेवटी बाबा ताडकन उठले.

“अगं, चल! या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.”

दार अर्धं उघडलं. आईच्या हातात मावशीचा कंगवा होता.

“तुम्ही व्हा पुढे. ऑपरेशन होऊन ती घरी येईपर्यंत मी इथेच आहे.”

“अगं, पण हा माणूस काय म्हणतोय ऐकलंस ना?”

“ऐकलं. डावा म्हणताहेत. कालपर्यंत तुम्हीही तेच म्हणत होतात.”

दार लागलं. आतून मावशीचा आवाज आला, “हसवू नकोस गं, आधीच धाप लागते मला.” ही मावशी पुढे त्या दोघांनाही पुरून उरली.

बाबा एका पायात बूट घालून उभेच होते.

“बसा,” काका म्हणाले. “तुमच्या घराची किल्ली कुणाकडे आहे?”

ती आईच्या पिशवीत होती, आणि पिशवी आतल्या खोलीत. ते दार ठोठावायची हिंमत दोघांपैकी एकालाही झाली नाही.